‘ॲबॉलिशन’ आणि ‘ॲनायहिलेशन’ : घटनेने काय रद्द केले आणि आपल्यावर काय सोपवले?

करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत दरवर्षी २६ जानेवारीला झेंडावंदन होते. राष्ट्रगीत झाले की कुणीतरी उभे राहून दोन शब्द बोलते. एका वर्षी बोलणाऱ्या गृहस्थांनी ठासून सांगितले, ‘‘बाबासाहेबांनी १९५० साली घटनेतून जात रद्द केली. आता जातीचे नाव काढणेसुद्धा घटनेच्या विरोधात आहे.’’ टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना बारावीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘‘काका, जात रद्द झाली असेल तर कॉलेजच्या फॉर्मवर जात का विचारतात? आणि रद्द झालीच असेल तर आपलं आरक्षण कशाच्या आधारावर?’’

मुलीचा प्रश्न प्रामाणिक होता. त्या गृहस्थांचे विधान मात्र साफ चुकीचे होते. भारतीय राज्यघटनेत ‘जात रद्द करण्यात आली आहे’ असे कुठेही लिहिलेले नाही. अनुच्छेद १७ ने रद्द केली ती अस्पृश्यता. जातीचा उल्लेख घटनेत अनुच्छेद १५ आणि १६ मध्ये येतो, आणि तिथे घटना एवढेच म्हणते की जातीच्या कारणावरून राज्य भेदभाव करणार नाही. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिच्या कारणावरून भेदभाव करू नका, असे कुणी सांगेल का? घटनाकारांना जात जिवंत असल्याचे पक्के माहीत होते.

मग हा गैरसमज आला कुठून? माझ्या मते त्याच्या मुळाशी दोन इंग्रजी शब्दांची सरमिसळ आहे. एक शब्द ‘ॲबॉलिशन’. तो घटनेत आहे. दुसरा ‘ॲनायहिलेशन’. तो बाबासाहेबांच्या १९३६ च्या ग्रंथाच्या नावात आहे. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘निर्मूलन’ म्हणून मोकळे होतो आणि इथेच फसतो.

शब्द काय सांगतात?

‘ॲबॉलिश’ हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा वापर कायदा, प्रथा, कर, पद, हक्क यांच्यासाठी होतो. एखादी गोष्ट अधिकाराने चालू होती, ती अधिकाराने बंद केली, म्हणजे ॲबॉलिश केली. ते करणारा कुणीतरी सत्ताधारी असतो: राजा, संसद, विधिमंडळ. त्याला तारीख असते. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे ‘रद्द करणे’.

‘ॲनायहिलेट’च्या पोटात लॅटिनमधला ‘निहिल’ हा शब्द आहे. निहिल म्हणजे काहीच नाही. एखादी गोष्ट शून्यावर आणणे, तिचा मागमूस न ठेवणे, हा त्याचा अर्थ. त्याला राजपत्रातली तारीख नसते. कुणी सही केली आणि गोष्ट शून्य झाली, असे होत नाही.

साधे उदाहरण घ्या. विहिरीवरची बंदी उठवणे हे ॲबॉलिशन. त्या विहिरीवर पाणी भरायला कोण आले, हे पाहायला कुणाची मानसुद्धा वळू नये, हे ॲनायहिलेशन.

रद्द झालेली गुलामी

ॲबॉलिशन हा शब्द जगभर गाजला तो गुलामगिरीच्या संदर्भात. ब्रिटिश संसदेने १८०७ साली गुलामांचा व्यापार आणि १८३३ च्या कायद्याने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. त्यासाठी दोन कोटी पौंड भरपाई देण्यात आली. कुणाला? गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना! अमेरिकेत तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ रोजी संमत झाली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही जोतीरावांची आशा होती.

पण १८६५ नंतर अमेरिकेत काय झाले? गुलामी कायद्याने गेली, वर्णद्वेष राहिला. दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ यांचे कायदे केले. ते मोडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला. म्हणजे जवळपास शंभर वर्षे! डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवले, की बेड्या तोडल्या तरी जमीन, शाळा आणि मत हाती आले नाही तर सुटका अर्धवटच राहते. पुढे बाबासाहेबांनी याच डुबॉइस यांच्याशी १९४६ साली पत्रव्यवहार केला.

आपल्या कोकणातली ॲबॉलिशने

बाबासाहेबांना ॲबॉलिशन नको होते, असा अर्थ कुणी काढू नये. उलट विधिमंडळात बसून एकेक जुलमी प्रथा रद्द करून घेण्यासाठी त्यांनी हयातभर झुंज दिली. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी, बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते, या जोखडातून समाजाला सोडवण्याची ती खटपट होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. त्यात कुणबी होते, आगरी होते, महार होते. हे आपल्या कुलाबा-रत्नागिरीच्या मातीतले आंदोलन.

दोन्ही विधेयके तेव्हा कायदा झाली नाहीत. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा आणि महार वतनासह कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो यायच्या आत, १९५६ साली बाबासाहेब गेले. या दोन्ही कायद्यांच्या इंग्रजी नावांत ‘ॲबॉलिशन’ हाच शब्द आहे आणि तो अगदी बरोबर आहे. वतन ही कायद्याने टिकवलेली गोष्ट होती, ती कायद्याने संपली. वतनाच्या जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन पुन्हा बहाल झाल्या आणि त्यांच्या विक्रीवर बंधने आली. त्या बंधनांचे काय झाले आणि किती जमिनी हातातून निसटल्या, ही वेगळ्या लेखाची गोष्ट.

इथे मुद्दा एवढाच: वतन रद्द झाले, पण ‘वतनदार महार’ म्हणून ज्याच्याकडे गाव पाहत होता त्याच्याकडे पाहण्याची गावाची नजर त्या कायद्याने रद्द झाली का? कायद्याने चाकरी बंद झाली. नजर हा कायद्याच्या कलमाचा विषयच नव्हता.

महाडने शिकवलेला धडा

हे बाबासाहेबांना फार आधी कळले होते. करंजाड्यातून बाहेर पडून गोव्याच्या रस्त्याला लागले की त्याच वाटेवर महाड आहे. पनवेल आणि महाड दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. कागदावर बंदी उठली. म्हणजे ॲबॉलिशन झाले! पण तळ्यावर कुणी जाऊ शकत होते का?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मारहाण झाली आणि तळ्याचे पंचगव्याने ‘शुद्धीकरण’ झाले. पण एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठरावच मागे घेतला. जे कागदाने दिले ते कागदाने परत घेतले. पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी झाली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला.

१९२७ च्याच २५ डिसेंबरच्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मांडणी केली ती याच अनुभवातून. लोटीबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी या एकाच साखळीच्या कड्या आहेत. लोटीबंदी उठली म्हणून अस्पृश्यता जात नाही. तिचे मूळ बेटीबंदीत आहे आणि त्या मुळाला हात घातल्याशिवाय समता येत नाही, असे त्यांनी तिथे सांगितले. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. नगरपालिकेच्या ठरावाशी त्या जाळण्याचा संबंध नव्हता. ठरावामागच्या श्रद्धेशी होता. ‘ॲनायहिलेशन’ हा शब्द ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नऊ वर्षांनी आला. त्याचा अर्थ महाडला आधीच ठरला होता.

लाहोरचे न झालेले भाषण

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. त्याच सुमारास लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. हे मंडळ सवर्ण हिंदू सुधारकांचे. संतराम त्यातले प्रमुख. नावातच ‘तोडक’, म्हणजे जात तोडायला निघालेले लोक! पण भाषणाचा मसुदा हाती पडला तेव्हा तेच घाबरले. त्यांचे म्हणणे असे की जात मोडण्यापुरते बोला, वेद आणि धर्मग्रंथ यांना मध्ये का आणता? काही भाग गाळावा, असा आग्रह झाला. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी मे महिन्यात स्वखर्चाने १,५०० प्रती छापल्या.

नेमका वाद कशाचा होता हे पाहा. मंडळालाही जात नको होती. त्यांना ती वरून काढून टाकायची होती आणि मुळाला हात लावायचा नव्हता. बाबासाहेब म्हणत होते की जात ही विटांची भिंत नाही, तारेचे कुंपण नाही. ती मनात बसलेली कल्पना आहे आणि त्या कल्पनेला शास्त्रांचे पावित्र्य टेकू देते. आधी पोटजाती मोडा, सहभोजने करा, आंतरजातीय विवाह करा, असे एकेक उपाय त्यांनी तपासले. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असेही सांगितले. पण पुढे विचारले, लोक असे विवाह का करत नाहीत? कारण त्यांची श्रद्धा त्यांना करू देत नाही. म्हणून त्या श्रद्धेचाच पाया काढला पाहिजे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. ग्रंथाच्या आत बाबासाहेबांनी ‘ॲबॉलिश’ हा शब्दही वापरला आहे. ते काही शब्दकोश लिहीत नव्हते. पण ग्रंथाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा, हयातभर कायद्याची भाषा बोलणाऱ्या या बॅरिस्टरने ‘ॲबॉलिशन ऑफ कास्ट’ असे नाव दिले नाही. का दिले नाही, याचे उत्तर त्या ग्रंथाचा सगळा युक्तिवाद देतो. श्रद्धा कुठल्याही विधिमंडळात रद्द होत नाही.

घटना समितीत विचारलेला प्रश्न

२९ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांच्या अंतरिम अहवालावर चर्चा चालू होती. अस्पृश्यता रद्द करण्याचे कलम आले तेव्हा बंगालचे प्रमथरंजन ठाकूर उठले. ते मतुआ परंपरेतले, नमोशूद्र समाजाचे. त्यांनी विचारले की जातिव्यवस्था रद्द न करता अस्पृश्यता कशी रद्द करणार? अस्पृश्यता हे लक्षण आहे, रोग जात आहे. हा प्रश्न सभागृहात नोंदला गेला आणि कलम होते तसेच पुढे गेले.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुद्यातला अनुच्छेद ११, म्हणजे आजचा अनुच्छेद १७, मंजूर झाला. ‘महात्मा गांधी की जय’च्या घोषणा झाल्या. कलमाची शब्दरचना बदलावी अशी नझिरुद्दीन अहमद यांची दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. शब्द अवतरणचिन्हांत ठेवला गेला. त्यामुळे अस्पृश्यता म्हणजे जातीतून ऐतिहासिक काळात वाढलेली ती विशिष्ट प्रथा, असा अर्थ पुढे न्यायालयांनी लावला.

आता भाषांतराची गंमत पाहा. इंग्रजी घटना म्हणते ‘ॲबॉलिश्ड’. मराठी घटना म्हणते ‘नष्ट’. नष्ट म्हणजे नाहीशी झालेली. हा शब्द अर्थाने ‘ॲनायहिलेट’च्या शेजारी बसतो! मराठी वाचक वाचतो की अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, आणि काम संपले असे समजतो. शाळेच्या पुस्तकापासून झेंडावंदनाच्या भाषणापर्यंत हाच समज पसरतो. मग ‘अस्पृश्यता’ गळून तिच्या जागी ‘जात’ येते, आणि ‘घटनेने जात नष्ट केली’ हे वाक्य तयार होते. पुढची पायरी ठरलेलीच असते: जात नष्ट झाली, तर आरक्षण कशाला?

बाबासाहेबांनी स्वतः काम संपले असे मानले नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशारा दिला की २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकत आहोत. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. जाती राष्ट्रविरोधी आहेत, असेही ते त्याच भाषणात म्हणाले. रद्द झालेल्या गोष्टीबद्दल कुणी असा इशारा देतो का?

कायदे पुन्हा पुन्हा का करावे लागले?

अनुच्छेद १७ नंतर १९५५ साली अस्पृश्यता अपराध कायदा आला. तो पुरेना म्हणून १९७६ साली त्यात मोठे बदल झाले आणि त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. तोही पुरेना म्हणून १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आला. हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ च्या कायद्याने बंद केली, आणि २०१३ साली तीच प्रथा बंद करायला पुन्हा नवा कायदा करावा लागला. गटारात माणसे मरतच राहिली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली.

२०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात शंभरातल्या सुमारे २७ घरांनी आपल्या घरी कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळली जाते, असे स्वतःच्या तोंडाने मान्य केले. त्याच सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास निघाले. लोटीबंदी बरीच सैल झाली, रोटीबंदी शहरात हॉटेलपुरती सुटली, बेटीबंदी जवळजवळ तशीच आहे. महाडच्या भाषणातली साखळी आजही तपासून पाहता येते.

याचा अर्थ कायदे फुकट गेले असा नाही. अनुच्छेद १७ नसता तर तक्रार नोंदवायलाही जागा नसती. ज्यांच्या हातात हा कायदा आहे त्यांनी तो निर्भयपणे वापरलाच पाहिजे. आरक्षणाचेही तसेच आहे. जात जिवंत आहे म्हणून ते आहे. ताप मोजला म्हणून ताप येत नाही.

‘उच्छेद’ हा शब्द हिंसक आहे का?

काही सज्जन विचारतात, ‘ॲनायहिलेशन’ म्हणजे विध्वंस, इतका कठोर शब्द कशाला? याचे उत्तर बुद्धाने आधीच देऊन ठेवले आहे. अंगुत्तर निकायात वैशालीच्या सीह सेनापतीची कथा आहे. लोक बुद्धावर आरोप करत की हा उच्छेदवादी आहे. सीहाला उत्तर देताना बुद्धाने सांगितले की एका अर्थाने मला उच्छेदवादी म्हणता येईल, कारण मी लोभ, द्वेष आणि मोह यांचा उच्छेद शिकवतो. माणूस संपवायचा नाही, माणसातला द्वेष संपवायचा. इंग्रजीत या उच्छेदवादाला ‘ॲनायहिलेशनिझम’च म्हणतात. बाबासाहेबांनी ग्रंथाचे नाव तिथून घेतले, असा माझा दावा नाही. पण १९३६ ला श्रद्धेच्या पायावर घाव घालणारा माणूस १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात पोहोचला, तो नुसता नकार घेऊन नव्हे. जुनी श्रद्धा काढून रिकाम्या झालेल्या जागी त्याने मैत्री आणि करुणेचा धम्म ठेवला.

आणि आपण?

आता थोडे आपल्याविषयी. पनवेलपासून करंजाड्यापर्यंत सिडकोच्या भूखंडांवर नवी शहरे उभी राहिली. गाव सुटले, वस्ती सुटली. पण लग्नाची बोलणी निघाली की आपल्याही घरांत ‘आपल्यातलेच ना?’ हा प्रश्न हळूच विचारला जातो. बायोडेटावर ‘बौद्ध’ लिहायचे आणि फोनवर पोटजात, गाव, देव विचारायचे, हे कशाचे लक्षण आहे? इतरांच्या घरातली बेटीबंदी मोडा म्हणणाऱ्याने आपल्या घरात ती पाळली तर त्याच्या हातात फक्त ॲबॉलिशन उरते, तेही सरकारने करून दिलेले.

त्या मुलीला मी त्या दिवशी सांगितले ते थोडक्यात असे. घटनेने अस्पृश्यता रद्द केली, जात नाही. रद्द करणे हे सरकारचे काम आणि त्यासाठी सरकारला आपण जाब विचारत राहायचा. फॉर्मवरचा रकाना जात निर्माण करत नाही, जातीने केलेले नुकसान मोजतो. जात शून्यावर आणणे हे समाजाचे काम आहे आणि त्या समाजात तू आहेस, मी आहे, मघाशी भाषण केलेले काकाही आहेत.

ती म्हणाली, ‘‘मग पुढच्या वर्षी मी बोलू का?’’

मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तिचे नाव दिले आहे.

जयभीम!